घरात विचारून सांगतो

१९६८ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ या चित्रपटात लॉस एंजेलिस पोलिसांचा एक लेफ्टनंट, बायकोचा खून करून बसलेल्या एका नामवंत मानसोपचारतज्ज्ञासमोर उभा राहून स्वतःचे खिसे चाचपतो. पेन्सिल सापडत नाही. मग तो समोरच्याकडूनच ती मागून घेतो आणि ओशाळून सांगतो की बायको रोज सकाळी आठवणीने पेन्सिल हातात देते, पण आपल्याजवळ ती टिकतच नाही. लेफ्टनंट कोलंबो यांच्या बायकोशी माझी ओळख झाली ती ही अशी, हरवलेल्या पेन्सिलीच्या निमित्ताने. त्यानंतर २००३ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षांत आणि एकूण ६९ चित्रपटांत, त्या बाई प्रेक्षकाला एकदाही दिसल्या नाहीत. त्यांचे पाळण्यातले नावही तिथे कोणी उच्चारत नाही. नवरा त्यांना ‘माझी बायको’ म्हणतो, फार तर ‘मिसेस कोलंबो’ म्हणतो, आणि पुढचा प्रश्न विचारतो.

या बाई खरोखर आहेत का, यावर ‘कोलंबो’ नावाच्या या चित्रपटमालिकेचे चाहते अनेक वर्षे वाद घालत आले आहेत. (ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की श्रीलंकेतल्या शहराशी तिचा काही संबंध नाही.) आमच्या घरात हा वाद २०२० च्या टाळेबंदीत शिरला. परदेशातल्या भावाने पूर्वी कधीतरी दिलेला डीव्हीडींचा संच कपाटात पडून होता. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर एक, अशा हिशेबाने आम्ही नवराबायकोने तो क्रमाने संपवला. पंधराव्या दिवशीच आमच्यात दोन तट पडले होते. नवऱ्याचे म्हणणे होते, ‘ही बाई नाहीच, हा माणूस थापा मारतो.’ माझे म्हणणे काय होते ते पुढे येईलच.

आधी हे पाहायला हवे की हा प्रश्न याच मालिकेत एवढा का चिघळला. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने कोलंबोच्या कथांची रचना उलटी ठेवली होती. खून कोणी केला, कसा केला आणि कोणती खूण मागे राहिली, हे सगळे प्रेक्षक सुरुवातीलाच डोळ्यांनी पाहतो. कोलंबो येतो तो त्यानंतर, कधीकधी चांगल्या वीस मिनिटांनी. म्हणजे रहस्यकथेत जे शेवटपर्यंत मुठीत ठेवायचे, ते इथे पहिल्याच अंकात उघड्यावर टाकलेले असते. खुनी कोण या प्रश्नात काही शिल्लक नसल्यामुळे शोध घेण्याची सवय लागलेला प्रेक्षक रिकाम्या हातांनी बसतो, आणि मग त्याची नजर त्या एकमेव झाकलेल्या गोष्टीकडे जाते. संपूर्ण मालिकेत लपवलेले असे एकच माणूस आहे, आणि त्याने कोणाचाही खून केलेला नाही.

‘नाहीच’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. कोलंबो जे काही करतो ते कामासाठी करतो. मळका रेनकोट, खोकत चालणारी जुनी प्यूजो मोटार, अर्धवट जळलेली सिगार, दारापर्यंत जाऊन ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणत परत वळणे, या सगळ्यामुळे समोरचा श्रीमंत, हुशार आणि गर्विष्ठ खुनी गाफील होतो. बायकोचेही तसेच. संशयित गायक असला की बायको त्याच्या गाण्यांची वेडी निघते. संशयित जे काही करत असेल, त्यातले नेमके तेवढेच तिला हवे असते. एवढ्या सोयीची बायको जगात कोणाला लाभते, असा माझ्या नवऱ्याचा सवाल होता, आणि तो विचारताना त्याने माझ्याकडे पाहिले, हेही नोंदवून ठेवते.

गंमत अशी की हा तर्क चाहत्यांनी प्रथम काढलेला नाही. तो मालिकेतच, अगदी सुरुवातीला, एका खुनी बाईच्या तोंडी आलेला आहे. १९७१ च्या ‘रॅन्सम फॉर अ डेड मॅन’मध्ये ली ग्रँट यांनी नवऱ्याचा खून केलेल्या वकिलीणबाईंची भूमिका केली आहे. या बाई कोलंबोला तोंडावर सांगतात की तुझी ही नम्रता, हा वेंधळेपणा, घरच्या आणि बायकोच्या या साध्यासुध्या गोष्टी, ही सगळी झिजलेली हत्यारे आहेत, आणि तुझा डोळा मात्र कायम समोरच्याच्या गळ्यावर असतो. त्याआधी १९६८ च्या मानसोपचारतज्ज्ञानेही त्याच्या गबाळेपणामागचा हिशेबीपणा ओळखून तसे बोलून दाखवले होते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कोलंबोची बायको हे एक सोंग आहे, हा सिद्धान्त मुळात खुन्यांचा आहे. ज्यांनी तो मांडला ते अत्यंत बुद्धिमान होते, त्यांचे निदानही बरेचसे बरोबर होते, आणि तरीही दोघेही शेवटी पकडले गेले. नवऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला की पकडले जाण्याचा आणि निदान चुकण्याचा संबंध नाही. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलून चहा टाकला.

आता दुसरी बाजू. १९७५ च्या ‘ट्रबल्ड वॉटर्स’ची सगळी कथा मेक्सिकोच्या सफरीवर निघालेल्या एका प्रवासी जहाजावर घडते. कोलंबो त्या जहाजावर तपासासाठी आलेलाच नसतो. चर्चच्या सोडतीत बायकोला सफरीचे बक्षीस लागलेले असते, आणि तो तिच्याबरोबर सुट्टीसाठी निघालेला असतो. पहिल्याच प्रसंगात जहाज सुटण्याच्या गडबडीत तो तिला शोधत डेकवर हिंडत असतो. त्या क्षणी तिथे खून झालेला नाही, संशयित नाही, गाफील करावे असे कोणीच नाही. ती जहाजावर आहे हे धरून सगळे चालते. कॅमेरा मात्र पूर्ण सफरभर ती जिथे असेल त्याच्या पलीकडच्या बाजूला असतो. त्याच वर्षीच्या ‘आयडेंटिटी क्रायसिस’मध्ये गुप्तहेर खात्यातला खुनी (भूमिका पॅट्रिक मॅकगूहन यांची) कोलंबोच्या घरात चोरून ऐकण्याची यंत्रणा बसवतो, आणि मिसेस कोलंबोंना ‘मादाम बटरफ्लाय’ हा ऑपेरा आवडतो हे त्याला समजते. म्हणजे घराच्या भिंतींनीही साक्ष दिली.

यावर ‘नाहीच’वाल्यांचे उत्तर मला पहिल्यांदा ऐकले तेव्हा अस्वस्थ करून गेले. ते म्हणतात की घरात त्या ऑपेराची तबकडी वाजत होती, हे खरे. पण ती ऐकणारा एकटाच होता. बाई पूर्वी होत्या, आता नाहीत. हा विधुर माणूस त्यांच्याविषयी वर्तमानकाळातच बोलत राहतो. एकदा हे डोक्यात शिरले की दिवसचे दिवस निघत नाही. पेन्सिलीचे वाक्य आठवते आणि सकाळी कोणीच पेन्सिल देत नसेल, असे वाटू लागते. मी स्वतः या सिद्धान्ताच्या नादी लागून तीन रात्री पाहिलेलेच भाग पुन्हा पाहिले. पण तो टिकत नाही. दुःख लपवणाऱ्या माणसाच्या बोलण्यात कुठेतरी शिवण उसवते, आणि कोलंबोची भूमिका करणाऱ्या पीटर फॉकसारख्या नटाने ती उसवलेली दाखवण्याची संधी पस्तीस वर्षे सोडली नसती.

ज्यांना श्रद्धांजलीच वाहायची आहे त्यांच्यासाठी मालिकेने १९९० मध्ये एक अख्खा चित्रपट दिला. ‘रेस्ट इन पीस, मिसेस कोलंबो’ची सुरुवातच अंत्यविधीने होते. एक बाई (भूमिका हेलन शेव्हर यांची) कोलंबोवर सूड उगवायला निघालेली असते. तिच्या नवऱ्याला त्याने तुरुंगात पाठवलेले असते आणि तो तिथेच मेलेला असतो. थेट कोलंबोला न मारता आधी त्याची बायको मारावी, म्हणजे आपण जे भोगले ते तोही भोगेल, असा तिचा बेत असतो. त्यासाठी ती विष घातलेला मार्मलेड पाठवते. शेवटी उलगडा होतो की अंत्यविधी खोटा होता, ज्या घरात ती कोलंबोकडे गेली ते घर त्याचे नव्हते, आणि चौकटीतला जो फोटो ती इतका वेळ मृत बाईंचा समजत होती तो मेहुणीचा होता. लेखकांचा खट्याळपणा इथे पाहण्यासारखा आहे. बावीस वर्षे वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाला त्यांनी अखेर फोटो दाखवला, आणि दोन तासांच्या आत तो काढून घेतला. पण त्याच वेळी मेहुणीला साक्षीला उभे केले. बायको नसेल तर मेहुणी कुठून येईल? आमच्या घरातल्या वादात माझा हा सर्वांत बळकट मुद्दा होता.

१९९२ च्या ‘नो टाइम टु डाय’मध्ये तर घरचे लग्नच आहे. इंग्रजीत एकाच शब्दात पुतण्या आणि भाचा दोन्ही सामावत असल्यामुळे नवरामुलगा कोलंबोचा नेमका कोण, यावर आम्ही थोडा वेळ घालवला. आडनाव पार्मा आहे असे दिसल्यावर तो भाचा असल्याचे एकमताने ठरले. पण त्या लग्नात मामी कुठे आहे? आपल्याकडे भाच्याच्या लग्नात मामी दिसली नाही तर अक्षता पडायच्या आत चार जणी विचारून जातात. तिथे मात्र कोणालाच काही वाटत नाही. ‘नाहीच’ पक्षाला मिळालेला हा एक गुण मी मोकळ्या मनाने मान्य केला.

आणि एकदा तिला खरोखरच पडद्यावर आणले गेले, त्याचे काय झाले तेही सांगायला हवे. फेब्रुवारी १९७९ मध्ये एनबीसी वाहिनीने ‘मिसेस कोलंबो’ नावाची स्वतंत्र मालिका सुरू केली. लेव्हिन्सन आणि लिंक यांचा तिला विरोध होता, फॉकलाही ती पसंत नव्हती. केट मलग्रू या अभिनेत्रीने ती भूमिका केली, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि फॉक एकावन्न वर्षांचा. ही खरीच कोलंबोची बायको आहे हे पटावे म्हणून आवारात तशीच मोटार उभी करण्यात आली, तसाच कुत्रा ठेवण्यात आला. म्हणजे पुरावे पेरले गेले. प्रेक्षकाने मात्र, कोलंबोनेच लावलेल्या सवयीप्रमाणे, पेरलेले पुरावे ओळखले. हळूहळू मोटार गेली, कुत्रा गेला, नायिकेचा घटस्फोट झाल्याचे दाखवून तिचे आडनाव बदलले, मालिकेचे नाव बदलत बदलत ‘केट लव्हज अ मिस्टरी’वर आले, आणि तेरा भागांनंतर सगळे मिटले. न दिसणारी बाई अनेक वर्षे लोकांना खरी वाटत होती, आणि दिसलेली बाई वर्षभरही खरी वाटू शकली नाही.

पेरलेल्या पुराव्यांवरून एक आठवले. कोलंबोचे पहिले नाव ‘फिलिप’ आहे, असे बरेच दिवस अनेकांना ठाऊक होते. ते नाव फ्रेड वर्थ नावाच्या माणसाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम, आपली नक्कल करणारा सापडावा म्हणून, स्वतः रचून घातले होते. ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या खेळात तेच उत्तर छापलेले दिसल्यावर त्याने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. सापळा कोलंबोला शोभेल असा होता, पण दावा तो हरला.

पीटर फॉकची खरी बायको शेरा डनीज हिने या मालिकेत सहा वेगवेगळ्या चित्रपटांत काम केले. मिसेस कोलंबोचे काम मात्र एकदाही केले नाही. १९९७ च्या ‘अ ट्रेस ऑफ मर्डर’मध्ये तर ती खुनात सामील असलेली बाई आहे आणि कोलंबो तिला पकडतो. बुडापेस्टमध्ये फॉक मिक्शा नावाच्या रस्त्यावर २०१४ मध्ये कोलंबोचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. डोके खाजवत उभा असलेला तो आणि पायाशी बसलेला त्याचा कुत्रा, एवढेच तिथे आहे. शिल्पकारानेही प्रश्न सोडवण्याच्या भानगडीत पडण्याचे टाळले.

हा सगळा पुरावा मांडून झाल्यावर मला जे सांगायचे आहे ते दोन्ही पक्षांना पसंत पडणार नाही. बाई आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. जहाजावर कोणीही समोर नसताना माणूस न असलेल्या बायकोला शोधत फिरत नाही. पण तो त्यांच्या तोंडी जे जे घालतो, त्यातले निम्मेअधिक त्या कधी बोललेल्याच नसाव्यात, अशी मला दाट शंका आहे. फॉक चित्रीकरणाच्या वेळी संहितेत नसलेले खिसे चाचपणे, पेन्सिल मागणे अशा गोष्टी मधेच करीत असे, म्हणजे समोरच्या नटाचा वैताग खरा दिसे. खिसा खरा, पेन्सिलही खरी, शोधणे मात्र तिथल्या तिथे सुचलेले. बायकोच्या मतांचेही तसेच असावे. ‘आहे की नाही’ या प्रश्नात गुंतलेल्या चाहत्यांनी ‘आहे, पण असे म्हणाली होती का’ हा प्रश्न फारसा विचारला नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. कदाचित हा प्रश्न सुचायला माझ्या आजोबांची नात असावे लागत असेल.

आजोबांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. ते सांगलीत सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि कपडे खरेदी हा त्यांचा एकमेव शौक होता. कापडपेठेतल्या एका ठरलेल्या दुकानात ते मला बरोबर घेऊन जात. दुकानदार गादीवरून ताग्यामागून तागे उलगडून दाखवत असे, अण्णा प्रत्येक कापड चिमटीत धरून पाहत, भाव विचारत, आणि मग उठताना ठरलेले वाक्य टाकत, ‘घरात विचारून सांगतो.’ त्या पिढीला बायकोला बायको म्हणणे जड जाई. ‘घरात’, ‘मंडळी’, ‘कुटुंब’ हे शब्द त्यासाठीच होते, आणि ‘कुटुंब’ म्हणजे एकच बाई हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळले नव्हते. वाक्य टाकून अण्णा पायऱ्या उतरत, चप्पल घालत, आणि मग मागे वळून विचारत, ‘आणि हो, पन्हा किती म्हणालात?’ दुकानदार तोपर्यंत तागा गुंडाळायला लागलेला असे. तो पुन्हा उलगडावा लागे, आणि या दुसऱ्या फेरीत मीटरमागे दोन-तीन रुपये हमखास उतरत. ‘घरात गर्द रंग चालत नाही’, ‘घरात काठ बोचतात म्हणतात’, ‘घरात एवढी किंमत सांगितली तर मलाच बाहेर काढतील’, अशी आजीची एकेक मते त्या दुकानात वर्षानुवर्षे पोहोचत होती. आजी स्वतः मात्र तिथे कधी आलेली नव्हती.

ती आली १९८६ मध्ये, आत्याच्या लग्नाच्या बस्त्याला. दुकानदाराने तिला पाहिले, मग अण्णांकडे पाहिले, आणि हात जोडून म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही खरंच आहात तर! मला वाटायचं अण्णांनी भाव पाडायला तुम्हाला रचलंय.’ सगळे हसले. आजीही हसली. मग त्याने आदराने फिक्या रंगांची, बारीक काठांची पातळे तिच्यासमोर मांडायला सुरुवात केली. आजीने दोन बघितली, तिसरे बाजूला सारले आणि वरच्या फळीवरच्या गर्द जांभळ्या इरकलीकडे बोट दाखवले. दुकानदार घुटमळला. ‘पण वहिनी, तुम्हाला तर गर्द चालत नाही ना?’

‘मला?’ आजी म्हणाली. ‘असं कोण म्हणालं?’

अण्णा त्या वेळी छतावरच्या पंख्याकडे फार लक्ष देऊन पाहत होते. आजीने इरकलीची घडी उलगडली, पदराची उलटी बाजू वर करून धागे पाहिले, काठावरून अंगठा फिरवला, आणि किंमत न विचारता ते बाजूला ठेवायला सांगितले. त्यानंतर आणखी दोन गर्दच निघाली, एक हिरवे आणि एक काळ्या चंद्रकळेसारखे. त्या दिवशी घासाघीस झाली नाही. घरी येईपर्यंत टांग्यात दोघेही काही बोलले नाहीत, पण आजीच्या मांडीवरचे गाठोडे तिने अण्णांकडे धरायला दिले नाही.

पुढच्या दिवाळीला अण्णांबरोबर मी पुन्हा त्या दुकानात गेले. त्यांनी दोन-चार तागे पाहिले, चिमटीत धरले, भाव विचारला आणि नेहमीप्रमाणे उठत म्हणाले, ‘घरात विचारून सांगतो.’ दुकानदाराने मान डोलावली, माणसाला हाक मारली आणि फळीवरची गर्द रंगांची थप्पी खाली काढायला सांगितली.